उत्तररंग ऐकलेला तांब्या

माझ्या कुशीला हा एवढा पोचा पडलाय, त्याला हसू नका, मित्रांनो. मी एक जुना तांब्या आहे. स्टीलचा नाही, पितळेचा नाही, अस्सल तांब्याचा, ठोक्यावर ठोका देऊन घडवलेला. सिल्वासाजवळ गलोंड्याच्या एका चाळीत, पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्याशेजारी औषधाच्या गोळ्यांची पाकिटं असतात. ती माझ्याशेजारी कशी आली, तेवढंच मला सांगायचं आहे. कीर्तनात म्हणतात ना, श्रोता सावध असला की वक्त्याला बळ येतं. तेव्हा सावध होऊन बसा. आणि हात जोडून एक विनंती. मधूनच उठू नका. का, ते पुढं कळेल.

माझा जन्म धुळ्याकडच्या एका म्हाताऱ्या तांबटाच्या हातून झाला. तांब्याचा पत्रा भट्टीत लालबुंद करायचा, लोखंडी खुंटावर धरायचा आणि हातोडीनं गोल गोल ठोकत न्यायचा. म्हातारा ठोके देताना विठ्ठलाचं नाव घ्यायचा. ठोका हलका पडला तर नाव पुन्हा घ्यायचा. त्यामुळे माझ्या अंगावरचा एकेक ठोका नामाचा आहे, असं मी आजही समजतो. गर्व म्हणा हवं तर. देवानं तेवढा एक गर्व भांड्यांना दिला आहे.

केसरबाई नावाच्या एका बाईनं मला आपल्या लेकीच्या लग्नात द्यायला घेतलं. लेक म्हणजे तानूबाई. जावई चिंधा. चिंधा तेव्हा सिल्वासाच्या कंपनीत लागलेला होता. लग्नानंतर तानूबाईच्या पिशवीत, दोन साड्यांच्या घडीत बसून मी गलोंड्याला आलो.

चिंधाची कंपनी तांब्याची तार काढायची. बोटाएवढी जाड सळई एका साच्यातून ओढायची, मग त्याहून बारीक साच्यातून, मग त्याहून बारीक, असं करत करत केसासारखी तार निघायची. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवयांवर माझ्याच रंगाची बारीक धूळ चमकत असे. मला उचलून घटाघटा पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "काय भो, तुझ्या भाऊबंदांना आज लई ओढलं!"

तानूबाई चुलीपुढून म्हणायची, "भांड्याशी बोलता, बायकोशी बोलायला तोंड दुखतं का?"

"भांडं उलटून बोलत नाही वं."

असे ते सुखाचे दिवस होते. त्यांना सोनी झाली, ती मला दोन्ही हातांनी उचलायला शिकली, माझ्यात तोंड घालून ओरडायला शिकली. आणि माझं कौतुक तर विचारूच नका, कारण एकादशीला मी कीर्तनाला जायचो.

मारुतीच्या देवळापुढे पत्र्याचा मांडव आहे. तिथं दर एकादशीला श्रीकांतबुवांचं कीर्तन. बुवा मूळचे कोकणातले, इथल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवसा फळ्यावर मेंदूचं चित्र काढणारा हा माणूस संध्याकाळी उपरणं घेऊन उभा राहिला की वेगळाच दिसायचा. बुवांच्या पुढ्यात पाणी तांब्याच्या भांड्यातलंच हवं, असा चिंधाचा हट्ट. आदल्या दिवशी तो मला चिंच-मीठ लावून घासायचा, अगदी कुशीतल्या ठोक्यांच्या खळग्यांतून बोट फिरवायचा. मग मी बुवांच्या पुढ्यात, समईशेजारी. चाळीतल्याच भास्करनं तबल्यावर थाप टाकली आणि बुवांनी सूर लावला की माझ्या पोटातलं पाणी थरथरायचं. मित्रांनो, देवाच्या नावानं घुमणं काय असतं, ते रिकाम्या भांड्याला नाही कळत. आत पाणी लागतं.

पण त्या मांडवातल्या कीर्तनाची एक रीत होती. ती नीट ऐकून ठेवा. कीर्तनाचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, त्यात बुवा विषय मांडतात. मग थांबून बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, नामाचा गजर करायचा. त्यानंतर उत्तररंग, त्यात विषय तडीला जातो. आणि हार घालायच्या सुमारालाच रात्रपाळीची बस नाक्यावर येऊन भोंगा वाजवायची. अर्धा मांडव उठायचा. बुवांच्या पायाशी वाकून, डब्याची पिशवी सावरत माणसं धावायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. "हारापर्यंत ऐकलं, पुण्य पदरात पडलं," असं चाळीत म्हणत.

पुढं चिंधाला खोकला लागला. आधी सगळे म्हणाले, कंपनीच्या धुळीचा असेल. मग संध्याकाळचा ताप यायला लागला. सदऱ्याची कॉलर सैल झाली. ममता नावाची आरोग्य सेविका चाळीत यायची, जवळच्या रांधा गावची पोर, स्कूटरवर फिरणारी आणि कुणालाही न भिणारी. तिनं दारातूनच खोकला ऐकला.

"चिंधादादा, उद्या सकाळचा बेडका डबीत घालून मला द्यायचा."

"अगं, घरगुती काढा चालू आहे."

"काढा तुम्ही प्या. बेडका मला द्या."

क्षय निघाला. टीबी. ममतानं गोळ्या आणून दिल्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. सोनी, तानूबाई दोघी ठीक होत्या. सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घ्यायच्या, असं तिनं बजावलं. पहिल्या दिवशी चिंधा मोरीतून घाबराघुबरा बाहेर आला. "माय वं! मला रक्ताची लघवी झाली!"

ममता हसली. "रक्त नाय दादा, गोळीचा रंग आहे तो. लाल आहे तोवर समजायचं, गोळी पोटात गेली."

गोळ्यांनी खोकला उतरला, ताप गेला. पण चिंधाला मळमळायचं. मशीनपुढे उभं राहिलं की डोकं गरगरायचं. सुपरवायजर म्हणायचा, "चिंधा, तबियत ठीक नहीं तो घर बैठ." घर बैठ, या दोन शब्दांची त्याला मरणापेक्षा जास्त भीती होती. तानूबाई दादऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली होती, तीही संध्याकाळच्या पाळीला. म्हणून त्या एकादशीला ती मांडवात नव्हती. ती असती तर ही गोष्ट झालीच नसती.

त्या संध्याकाळी चिंधानं मला नेहमीसारखं लख्ख घासून बुवांच्या पुढ्यात ठेवलं आणि तो खांबाशी बसला. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. बुवांची लेक पूजा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूवर संशोधन करते. ती सुट्टीला येऊन गेली होती आणि बुवांचं मन तिच्या कामानं भरून गेलं होतं. पूर्वरंगात त्यांनी विषय घेतला समतोलाचा. म्हणाले,

"मंडळी, पोटात गेलं तेच अन्न आणि जास्त झालं तेच अजीर्ण. मान हवा, पण डोक्यात गेला की माणूस बुडतो. आता दृष्टान्त ऐका. क्षयाचा जंतू आपल्या छातीत शिरतो. शरीराचे शिपाई त्याला गिळतात आणि आपल्या पोटातल्या कोठडीत टाकतात. पण हा चोर कोठडीतही जगतो! जगायला त्याला लोखंड लागतं. आपल्याच रक्तातलं. मग शरीर काय करतं? लोखंड कुलपात घालतं. चोर काय करतो? लोखंड पळवून आणायला हस्तक सोडतो. मग शरीर दुसरा डाव टाकतं. त्याच्या कोठडीत तांबं आणि जस्त ओततं! जे चिमूटभर हवं, तेच ओंजळभर झालं की विष! हा एवढा बेरकी जंतू, पण कुणाला भितो?"

आणि बुवांनी मला उचलून उंच धरलं.

"ह्याला! तांब्याला!"

मांडवात टाळ्या पडल्या. विठ्ठलनामाचा गजर झाला. समईच्या उजेडात मी चमकत होतो आणि त्या क्षणी माझ्याएवढा धन्य कुणी नव्हता. भास्करनं बुवांना हार घातला. नाक्यावर बसनं भोंगा दिला. चिंधा उठला. बुवांच्या पायाशी वाकला आणि मग, कधी नव्हे ते, माझ्यापुढंही वाकला. त्याचे डोळे भरून आले होते. पिशवी उचलून तो बसकडे पळत गेला.

हार घातल्यावर बुवांनी पहिलं वाक्य काय म्हटलं, ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. म्हणाले,

"मंडळी, अर्धा दृष्टान्त घेऊन कुणी घरी जाऊ नका. या चोराकडे पंप आहेत. शरीरानं ओतलेलं तांबं-जस्त तो उपसून बाहेर टाकतो, म्हणून तर माणसं मरतात. हे पंप बंद कसे पाडायचे, लोखंड पळवणारे हस्तक कसे अडवायचे, याचा शोध माझी पूजा आणि तिच्यासारखे किती तरी जण घेतायत. तसं औषध अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. लागेल तेव्हा लागेल. तोवर दवाखान्याच्या गोळ्या हेच औषध. आणि हो, या तांब्यातल्या पाण्यानं क्षय बरा होत नाही हं! यानं तहान भागते. हे सांगायचं वचन पूजानं माझ्याकडून घेतलंय."

लोक हसले. अर्धा मांडव रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करनं मला घरी आणून दिलं. चिंधा रात्रपाळीहून आला होता. त्यानं मला दोन्ही हातांनी घेतलं, पाणी भरलं, कपाळाला लावलं आणि प्यायला. मग पाकिटातल्या त्या दिवसाच्या गोळ्या काढल्या, मोरीत टाकल्या, वरून पाणी ओतलं. पाकीट मात्र जागच्या जागी ठेवलं, आणि पुढं रोज हेच केलं.

"दिवसभर तांब्यात काम करतो, घरी तांब्यातलं पितो," तो मला हळूच म्हणाला. "आता रोग राहीलच कुठं, भो?"

मित्रांनो, माझ्या पोटात उत्तररंग होता. बुवांचा शब्द न् शब्द होता. पण भांड्याला गळा असतो, जीभ नसते.

आणि घात असा की त्याला बरं वाटायला लागलं. आधीच्या गोळ्यांनी रोग दबलेला होता, आता मळमळ थांबली, भूक लागली. लघवीचा लाल रंग गेला. त्याला वाटलं, रोग धुऊन निघाला. रोज रात्री तो मला भरून झाकून ठेवायचा आणि सकाळी हात जोडून प्यायचा. चिंच-मीठ आता रोज. माझं इतकं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि मला तो एकेक घोट नको झाला होता.

सोनी विचारायची, "बाबा, गोळी घेतली?"

"घेतली की वं, माय."

ममता दारातून विचारायची, "लाल होते ना, दादा?"

"एकदम लाल!"

बायकोला सांगितलं नाही, कारण ती भांडली असती. भास्करला सांगितलं नाही, कारण देवाच्या गुपिताचा बोभाटा करायचा नसतो, असं त्याला वाटे. एवढा सरळ माणूस, पण एका श्रद्धेपायी रोज खोटं बोलत होता.

शेवटी एके दिवशी मशीनपुढे खोकल्याची उबळ आली आणि तारेच्या रिळावर रक्त उडालं. चार जणांनी उचलून दवाखान्यात नेलं. तपासणीत कळलं, जंतू आता साध्या गोळ्यांना दाद देत नाही. अर्धवट मार खाल्लेला चोर शहाणा होतो, तसं झालं होतं. डॉक्टरांनी दुसरी औषधं चालू केली, पण छातीत फारसं काही शिल्लक नव्हतं.

ममता भिंतीला टेकून रडली. "दादा, मी रोज विचारत होते ना हो तुम्हाला!"

चिंधानं तानूबाईला सगळं सांगून टाकलं. म्हणाला, "बुवांनीच सांगितलं. कीर्तनात. देवापुढं."

एकादशी होती. तानूबाई तडक घरी आली, फळीवरून मला ओढलं आणि मांडवात आली. कीर्तन सुरू व्हायचं होतं. बुवा उपरणं घडी करत होते. तिनं मला त्यांच्या पायाशी असं आपटलं की समई हलली. हा पोचा तेव्हाचा.

"घ्या! तुमचं औषध घ्या परत, बुवा!"

तिनं एका दमात सांगितलं. बुवांचा चेहरा पांढरा पडत गेला. ते कसेबसे म्हणाले, "तानूबाई, अहो, मी सांगितलं होतं. गोळ्या सोडू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं."

भास्कर पुढं झाला. "हो वहिनी, देवाशपथ. बुवांनी सांगितलं होतं. हार घातल्यावर."

तानूबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"हार घातल्यावर तो बसमध्ये होता, भाऊजी."

बसच्या भोंग्याला उठून पळालेली कितीतरी माणसं त्या मांडवात बसली होती. एकेकानं मान खाली घातली.

तानूबाई जाताना वळून म्हणाली, "इथली अर्धी माणसं दर कीर्तनाला बसकडे पळतात, बुवा. तुम्हाला दिसतंय. मग जीव वाचवणारं वाक्य शेवटाला कशाला ठेवता?"

त्या संध्याकाळी कीर्तन झालं नाही. बुवांनी मला उचललं, झोळीत घातलं आणि दवाखान्यात गेले. तोंडाला मास्क बांधून चिंधाच्या खाटेशी बसले. चिंधानं झोळीतून डोकावणारा माझा गळा बघितला आणि त्याच्या ओठांवर थोडं हसू आलं. "आला का, भो?"

मग बुवांकडे वळून म्हणाला, "बुवा, हार घातल्यावर काय सांगितलं होतं? तानू म्हणाली, माझं अर्धं राहिलं."

तबला नव्हता, पेटी नव्हती. बाजूच्या खाटांवर माणसं खोकत होती. श्रीकांतबुवांनी त्या खाटेशी बसून उत्तररंग सांगितला. चोराचे पंप सांगितले, अजून न सापडलेलं औषध सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. या तांब्यातल्या पाण्यानं तहान भागते, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मला झोळीतून काढून त्याच्या उशाशी ठेवलं. चिंधा डोळे मिटून, पूर्वी खांबाशी बसायचा तसा, मान डोलवत ऐकत होता.

"सोपं होतं की," तो म्हणाला. मग म्हणाला, "बस चुकवायला पाहिजे होती."

चिंधा त्यातून उठला नाही. शेवटी त्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घातलं, ते माझ्यातलं. तहान भागली असेल, एवढंच मी म्हणू शकतो.

त्यानंतर तानूबाईनं मला पालथं करून खाटेखाली सरकवलं. माझ्यावर हिरवे डाग चढले. कोळ्यानं जाळं विणलं. मी तक्रार केली नाही. तिला मी डोळ्यांपुढं नको होतो आणि तिचं खरं होतं. अंधारात पडल्या पडल्या चाळीतली बोलणी तेवढी कानावर यायची. एकदा भास्कर दारात येऊन सांगून गेला की बुवांनी मांडवाची रीत बदलली. आता नमनाच्याही आधी ते उभे राहून म्हणतात, "ज्यांना बस धरायची आहे, त्यांनी आधी शेवट ऐकून घ्या." मग एका वाक्यात तात्पर्य सांगतात आणि त्यानंतर सूर लावतात. बाहेरगावचे कीर्तनकार हसतात म्हणे. शेवट आधी सांगितल्यावर रस कसला राहायचा? बुवा म्हणतात, रस कमी झाला तरी चालेल.

तानूबाईनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

आणि मग एका सकाळी खाटेवर सोनी खोकली.

तानूबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. पुढं ती आणि ममता पोरीला घेऊन गेल्या, तपासण्या झाल्या. बापाचा रोग लेकीच्या छातीत आला होता. पण तो आला होता आधीच, चोर शहाणा व्हायच्या आत, आणि पहिल्या तपासणीत न दिसता दडून बसला होता. तिचा जंतू अजून साध्या गोळ्यांना ऐकत होता. ममता तानूबाईचे हात धरून म्हणाली, "ताई, हिच्यासाठी वेळ गेलेली नाय. पण एक दिवससुद्धा चुकवायचा नाय."

त्या दिवशी तानूबाई खाटेखाली वाकली. मला बाहेर ओढलं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग चिंच भिजवली. घासताना पोच्यावरून तिचा अंगठा फिरला, तेव्हा थोडा थांबला. तिनं मला धुतलं, पाणी भरलं आणि गोळ्यांच्या पाकिटाशेजारी फळीवर ठेवलं.

"सोने, इकडं ये. हे औषध," ती गोळी दाखवून म्हणाली. "आणि हे पाणी. पाणी कशाला?"

"गोळी गिळायला."

"आणखी कशाला?"

"तहान लागली तर."

"बस. एवढंच."

ती रोज हे विचारते. रोज गोळी जिभेवर ठेवून घेते, रोज तोंड उघडायला लावून बघते. पोर कंटाळते, मळमळलं की रडते, एकदा तर तिनं रागानं मला लाथ मारली. मला ती लाथ फुलासारखी वाटली. बरी होईल की नाही, ते सांगायला मी देव नाही. कुठं तरी दूर काचेच्या नळ्यांपुढं बसून पूजा आणि तिच्यासारखी माणसं त्या चोराचं लोखंड कसं तोडायचं, तांब्याचा मार त्याला कसा बसवायचा, याचा शोध घेत असतील. देव त्यांच्या हाताला यश देवो. पण ते औषध येईल तेव्हा येईल. तोवर या फळीवर मी आहे आणि गोळी आहे, आणि आमच्यात थोर कोण, ते मला पक्कं ठाऊक आहे.

मित्रांनो, मी तुम्हाला उठू नका म्हटलं होतं. तुम्ही बसलात, देव तुमचं भलं करो. घरातल्या जुन्या भांड्यांना जपा, पण त्यांच्याकडून औषधाचं काम मागू नका. आणि कुणी चांगली गोष्ट अर्धी ऐकून पळताना दिसला, तर त्याच्या पाठीमागं धावा. बस सुटली तर सुटू दे.

आज सकाळी चाळीच्या संडासातून सोनी मोठ्यानं ओरडली, "आई गं, लाल आली!" ओळीत उभ्या असलेल्या बायका हसल्या. तानूबाई माझ्यात पाणी भरत होती. तिनं तिथूनच हाक दिली,

"असू दे, माय. लाल असू दे."